जॅकेटच्या आधी रेघ

धरणात बोट उलटली की आपल्याकडची चर्चा कोणत्या वळणाने जाणार, हे आता दूर बसूनही सांगता येतं. पहिल्या दिवशी मृतांचा आकडा. दुसऱ्या दिवशी ‘लाइफ जॅकेट होती का?’ तिसऱ्या दिवशी बोट चालवणाऱ्यावर गुन्हा, वारसांना मदत आणि ‘बोटिंग बंद करा’. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या फुगवट्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक पोहत काठाला लागला, सहा बुडाले. त्याच वर्षी जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या होत्या. दोन्ही वेळा चर्चा जॅकेटपाशी सुरू झाली आणि जॅकेटपाशीच संपली.

त्यात आम्ही परदेशातले मराठी लोक तेल ओततो. ‘इकडे जॅकेट घातल्याशिवाय बोटीत पाऊल ठेवू देत नाहीत’ असा एक तरी निरोप प्रत्येक ग्रुपवर येतोच. हे अर्धवट खरं आहे. कॅनडात हौशी बोटींसाठीचा सर्वसाधारण नियम माणशी एक जॅकेट बोटीवर असलं पाहिजे, एवढाच आहे. ते अंगात घातलेलंच हवं असं तो म्हणत नाही. अमेरिकेतल्या तळ्यांवर फिरवणाऱ्या प्रवासी बोटींतही जॅकेट बहुधा बाकाखाली किंवा छतालगतच्या फळीवर असतात. तरीही या बोटी सहसा उलटत नाहीत, त्याचं कारण जॅकेटमध्ये नाही. आणि ज्या उलटल्या, त्यांतल्या काहींत जॅकेटचा उपयोग झाला नाही.

न्यूयॉर्क राज्यातलं लेक जॉर्ज हे डोंगरात वसलेलं शांत तळं. २ ऑक्टोबर २००५ रोजी तिथे ‘ईथन ॲलन’ नावाची पर्यटक बोट उलटली. ऊन होतं, पाणी संथ होतं. बोटीवर ४७ प्रवासी, बहुतेक वयस्क, आणि एक कप्तान. दुसऱ्या बोटीने उठवलेल्या लाटा एका बाजूने आल्या, बोट वळत होती, माणसं बाकांवरून एका बाजूला घसरली आणि बोट पालथी झाली. वीस जण गेले. जॅकेट पुरेशी होती, पण ती हातात घ्यायलाही कुणाला वेळ मिळाला नाही.

अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी केंद्रीय मंडळाने बोट पुन्हा मोजली, वजन केलं, हिशोब मांडला. बोटीला परवाना होता ४८ प्रवाशांचा. हा आकडा माणशी १४० पौंड, म्हणजे साधारण ६४ किलो, धरून काढलेला होता. त्या दिवशीच्या प्रवाशांचं सरासरी वजन निघालं १७८ पौंड, म्हणजे ८१ किलोच्या आसपास. शिवाय मूळ कापडी छत काढून मध्यंतरी जड लाकडी छत बसवलेलं होतं आणि त्यानंतर बोटीचा तोल कुणी तपासलाच नव्हता. मंडळाचा निष्कर्ष असा की या बोटीवर १४ माणसं चढवायला हवी होती. परवाना ४८ चा, पेलण्याची ताकद १४ ची. म्हणजे जास्त माणसं भरलीच नव्हती. कागदावर सगळं नियमात होतं. आपल्याकडे ‘क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी’ हे शब्द फार सहज वापरले जातात. ती क्षमता कुणी, कशी आणि कधी काढली, हा प्रश्न त्यांच्या मागे दडून राहतो.

बोट पाण्यावर तरंगते ती तिच्या आकारमानामुळे. सरळ उभी राहते ती वजन किती उंचीवर आहे त्यामुळे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वजन जितकं वर, तितका कललेल्या बोटीला सरळ आणणारा जोर कमी. म्हणून वरचा मजला, छतावरचं सामान, उभी राहिलेली माणसं धोक्याची. बुडाशी साचलेलं मोकळं पाणी त्याहून वाईट, कारण बोट ज्या बाजूला कलेल त्या बाजूला तेही धावतं. आणि माणसंही पाण्यासारखीच धावतात. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट सहाशेहून अधिक माणसं घेऊन बुडाली, तेव्हा लाटेला घाबरून लोक एका बाजूला लोटले होते. ३० सप्टेंबर २००९ रोजी थेक्कडीच्या जलाशयात ‘जलकन्यका’ उलटून ४५ पर्यटक गेले, तेव्हा काठावरची जनावरं बघायला लोक एका बाजूला झुकले होते. टांझानियात लेक व्हिक्टोरियावर २० सप्टेंबर २०१८ रोजी ‘न्येरेरे’ ही फेरी धक्का जवळ आल्यावर, उतरण्याच्या घाईत कलली. १०१ जणांची क्षमता असलेल्या त्या फेरीवर त्याच्या दुपटीहून जास्त माणसं होती, २२८ मेली. समुद्र, धरण, सरोवर. भीती, कुतूहल, घाई. बोटीला फरक पडत नाही. माणसं हलणारच, हे धरूनच बोट मोजावी लागते.

ते मोजणं अवघड नाही. कलतपासणीसाठी, म्हणजे वजन सरकवून बोट किती कलते ते पाहण्यासाठी, वारा नसलेली सकाळ हवी, बोटीचे दोर सैल हवेत, बुडाशी साचलेलं पाणी उपसलेलं हवं, डिझेलची टाकी शिगोशीग भरलेली किंवा पूर्ण रिकामी हवी. समजा, ३ मीटर रुंदीची लाँच आहे आणि ३० प्रवाशांची परवानगी मागते आहे. माणशी ७५ किलो धरले तर २,२५० किलो होतात, म्हणजे वाळूने भरलेली ५० किलोंची ४५ पोती. पोती बाकांवर, माणूस बसतो त्या उंचीला ठेवायची. तळाशी रचली तर तपासणी खोटी ठरते. बोटीच्या मधोमध गवंड्याचा ओळंबा २ मीटर दोरीने टांगायचा आणि खाली मोजपट्टी आडवी ठेवायची. आता ५ पोती २ मीटर आडवी सरकवायची. पोत्यांसकट बोटीचं वजन १० टन असेल आणि ओळंबा २० सेंटिमीटर सरकला, तर तोलाचा आकडा, म्हणजे कललेल्या बोटीला सरळ आणणाऱ्या जोराचं माप, अर्धा मीटर येतो. हा आकडा जितका लहान, तितकी बोट हळवी.

आता तीसही माणसं सरासरी एक मीटर एका बाजूला गेली तर? ढोबळ हिशोबाने तीच बोट २४ अंश कलते आणि त्या बाजूचा काठ ६७ सेंटिमीटर खाली जातो. काठ पाण्यापासून ६० सेंटिमीटरच वर असेल, तर पाणी आत येऊ लागतं. लाट नाही, वारा नाही, फक्त तीस माणसं एक मीटर सरकली. अमेरिकी तटरक्षक दलाच्या सोप्या तपासणीत लहान प्रवासी बोट पोती एका बाजूला नेल्यावर कोणत्याही परिस्थितीत १४ अंशांपेक्षा जास्त कललेली चालत नाही. ‘ईथन ॲलन’नंतर माणशी धरायचं वजनही १८५ पौंड, म्हणजे ८४ किलो झालं. एका दिवसात कितीतरी बोटींची अधिकृत क्षमता घटली. मालक कुरकुरले, पण नियम झाला.

जॅकेटचा आग्रह धरणाऱ्यांनी ‘ईस्टलँड’ची गोष्ट तर पुन्हा पुन्हा वाचावी. ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर जहाजांवर जीवरक्षक साधनं पुरेशी हवीत अशी लाट आली आणि अमेरिकेत १९१५ च्या मार्चमध्ये तसा कायदा झाला. मिशिगन सरोवरावर सहली नेणारं ‘ईस्टलँड’ मुळातच डोलणारं म्हणून बदनाम होतं. त्यावर जुलैच्या सुरुवातीला ३ लाइफबोटी आणि ६ तराफे चढवले. वजन १४ ते १५ टन, आणि तेही सगळ्यात वरच्या मजल्यावर. साधनं वाढली म्हणून परवानगीही अडीच हजार माणसांपर्यंत गेली. २४ जुलैच्या सकाळी शिकागो नदीच्या धक्क्याला बांधलेलं असतानाच ते आडवं झालं. पाणी जेमतेम ६ मीटर खोल, काठ हाकेच्या अंतरावर. ८४४ माणसं गेली. जीव वाचवण्यासाठी आणलेल्या लोखंडाने जहाज पाडलं असं म्हणणं थोडं अतिरंजित होईल, कारण मूळ दोष जहाजाच्या घडणीत होता. पण त्या दोषावर शेवटची भर त्याच नियमाने घातली.

जॅकेट नकोत असं यातून निघत नाही. उघड्या होडीत ती घातलेलीच हवीत. उजनीसारख्या अपघातात तीच माणसाला काठाला लागेपर्यंत तरंगत ठेवू शकतात. छताच्या बंदिस्त बोटीत मात्र गणित बदलतं: बोट बुडताना जॅकेट माणसाला वर, म्हणजे छताला दाबून धरतं. अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या लेक हॅमिल्टनवर १ मे १९९९ रोजी जमिनीवर आणि पाण्यात चालणारी ‘डक बोट’ बुडून १३ जण गेले. चौकशी मंडळाने तेव्हाच लिहिलं होतं की ही छतं काढा आणि पाणी भरलं तरी बोट तरंगती राहील अशी सोय करा. शिफारस तशीच पडून राहिली. १९ वर्षांनी, १९ जुलै २०१८ रोजी, मिझुरीतल्या टेबल रॉक लेकवर तसल्याच दुसऱ्या बोटीत १७ जण गेले.

ही दुसरी घटना उजनीच्या फार जवळची आहे. टेबल रॉक लेक हे नैसर्गिक तळं नव्हे, धरणाचा फुगवटाच आहे. उन्हाळ्याची संध्याकाळ, आणि एकाएकी आलेला वारा. हवामान खात्याचा वादळाचा इशारा संध्याकाळी ६:३२ ला निघाला होता. बोट ६:५५ च्या सुमारास पाण्यात उतरली, कारण वादळ यायच्या आत पाण्यातली फेरी उरकून घेऊ असं ठरलं. पाणी तेव्हा आरशासारखं होतं. पाच-सहा मिनिटांत वारा पोचला, आणि पुढच्या दहा मिनिटांत बोट तळाला गेली. इशारा होता, तो ऐकलाही गेला होता. नव्हता तो ‘आज जायचं नाही’ असं म्हणणारा आणि त्याबद्दल पगार न कापला जाणारा माणूस.

मोठ्या जलाशयात वाऱ्याला मैलोन्मैल मोकळं पाणी मिळतं. नदीत ज्या वाऱ्याने नुसती लहर उठायची, तोच वारा फुगवट्यात कंबरभर लाट उठवतो. समुद्राची लाट लांब पसरट असते, तळ्याची आखूड आणि उभी. लहान होडीला दोन लाटांमध्ये सावरायला जागाच मिळत नाही. नदीत नाव चालवून चार पिढ्या तयार झालेला नावाडीही धरणाच्या पाण्यात नवखाच असतो, कारण ते पाणीच नवं आहे. हे आपल्याकडच्या चर्चेत येत नाही. तिथे नावाडी एक तर ‘अनुभवी’ असतो, नाही तर ‘बेजबाबदार’.

‘इकडची शिस्त’ वगैरे बोलणाऱ्यांसाठी मात्र एक थंडगार उतारा आहे, ‘एडमंड फिट्झगेराल्ड’. २२२ मीटर लांबीचं, लोहखनिजाच्या गोळ्या वाहणारं हे जहाज १० नोव्हेंबर १९७५ च्या रात्री लेक सुपीरियरमध्ये २९ माणसांसह गेलं. त्यातलं कुणीच वाचलं नाही, मृतदेहही मिळाले नाहीत. ‘आम्ही तग धरून आहोत’ हे कप्तानाचे शेवटचे शब्द मागून येणाऱ्या जहाजाने रेडिओवर ऐकले. या सरोवरांवरच्या जहाजांच्या अंगावर भाररेषा रंगवलेल्या असतात आणि त्या ऋतूप्रमाणे वेगवेगळ्या असतात: भर उन्हाळ्याची वरची, हिवाळ्याची खालची. म्हणजे नोव्हेंबरच्या वादळांत माल कमी भरायचा. पण १९६९, १९७१ आणि १९७३ असं तीन वेळा नियम सैल करून या जहाजाला मिळून सव्वातीन फूट जास्त खोल बसायची मुभा दिली गेली. तटरक्षक दलाने बोट ठेवलं मालाच्या कोठारांच्या तोंडांवरच्या नीट न बसलेल्या झाकणांवर. जहाजमालकांच्या संघटनेने म्हटलं, जहाज उथळ खडकाला घासलं. पन्नास वर्षं झाली, वाद मिटलेला नाही. पण वाद अहवालांमध्ये आहे, आकड्यांसकट, कुणालाही वाचता येईल असा. रेघ सैल केली हेही त्याच सरकारी अहवालात लिहिलेलं आहे. इकडून घेण्यासारखं काही असेल तर ते शिस्त नव्हे, ही सवय आहे.

राहिला बंदीचा प्रश्न. शिकागोचा मध्यमवर्गीय सहलीला न जाताही जगू शकतो. फुगवट्याच्या दोन काठांवरच्या गावांचं तसं नाही. त्यांच्या वाटा धरणानेच बुडवल्या. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा. तिथे बंदी घातली की परवान्याची बोट थांबते आणि विनापरवान्याची होडी अंधारात चालू राहते. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने १९१७ चा जुना कायदा बाद केला आणि यंत्राशिवाय चालणाऱ्या नावांच्या नोंदीची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांपर्यंत नेली. कागदावर चौकट आहे. ग्रामपंचायतीकडे नोंदवहीबरोबर ओळंबा, मोजपट्टी आणि पंचेचाळीस पोती येतात का, एवढं विचारायचं आहे.

आणि रंगाचा एक डबा. पोती भरून, एका बाजूला सरकवून बोट जिथवर सुरक्षित ठरली, तिथे दोन्ही बाजूंना हातभर लांबीची पांढरी रेघ. तिच्याखाली वीतभर अंतरावर दुसरी, लाल, वळवाच्या महिन्यांसाठी. लाल रेघ पाण्याखाली गेली की मे महिन्यात बोट धक्क्यावरून सुटायची नाही. काठावर उभ्या असलेल्या शाळकरी पोरालाही ती दिसेल. बोटीत किती माणसं बसली हे त्याला मोजावं लागणार नाही.