खोली नंतर, तिथी आधी

'सनसेट कयाकिंग' हे शब्द यापुढे कुठल्याही पॅकेजमध्ये दिसले तर मी तिथेच भांडण काढणार आहे. आज वद्य प्रतिपदा, काल पौर्णिमा झाली. म्हणजे भर उधाण. भरती दुपारी पाऊणच्या सुमाराला, आणि संध्याकाळी सातला ठणठणीत ओहोटी. आणि एका रिसॉर्टवाल्याने (नाव लिहीत नाही) बरोब्बर चार वाजता आई, बाप आणि नऊ-दहा वर्षांची पोर अशा तिघांना एका कयाकमध्ये बसवून मालवणजवळच्या कर्लीच्या खाडीत सोडून दिलं. सव्वासहाला तिघंही कांदळवनाच्या कडेला गाळात. पाणी गायब, अंधार पडायला आलेला, शिट्टी एकाकडेही नाही.

यात नशिबाचा काही संबंध नाही, मंडळी. पाणी सहा तास उतरतं, पण एकाच चालीने उतरत नाही. पहिल्या तासात जेमतेम हलतं, तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी निघून जातं. चार वाजता म्हणजे नेमकं त्या जोरात! मुख्य पात्रात कळतसुद्धा नाही, पण कांदळवनातल्या चिंचोळ्या फाट्यात शिरलात की मागचा रस्ता तासाभरात संपतो.

बापाने मग ते केलं जे सगळेच करतात. खाली उतरला. एक पाय गुडघ्यापर्यंत, तो काढायला दुसरा टाकला तर तो मांडीपर्यंत. कयाक तिरकी, पोर रडायला लागली. तिसऱ्या (खाडीतले शिंपले) काढून परत निघालेली एक मावशी लांबून ओरडली, "उतरू नको हां! थंयच बस!" उशीर झाला होता, पण निदान बायको तरी बसून राहिली.

आता सांगतो सुट्टी कशी ठरवायची. आधी रिसॉर्टचे फोटो बघायचे, मग तारखा, मग 'तिथे काय काय करता येतं' हे विचारायचं, हा क्रम उलटा आहे. भिंतीवरचं कॅलेंडर काढा. तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, आली भरतीची वेळ. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, म्हणून आदल्या दिवशी जवळच्या बंदराचा तक्ता बघायचाच. पण सुट्टी टाकायला एवढा हिशोब पुरे.

दशमी ते पौर्णिमा, असे सहा दिवस साहेबाकडे मागा. दशमी, एकादशी, द्वादशीला सकाळी साडेसहाला पाण्यात. चढत्या पाण्याबरोबर खाडीत आत जायचं, पाणी थांबलं की वळायचं, उतरतं पाणी धक्क्यावर आणून सोडतं. जाताना पाणी तुमचं, येताना पाणी तुमचं. शिवाय अष्टमीचा भांग, म्हणजे पाण्याचा सगळ्यात कमी चढउतार, नुकताच होऊन गेलेला असतो, त्यामुळे ओढही बेताची. पौर्णिमेला याच्या उलट: पहाटे ओहोटी, त्यामुळे सहाला पुळण (किनाऱ्याची वाळू) ओली, घट्ट, रुंद. धावायचं तेव्हाच. भरतीच्या वेळी वरच्या भुसभुशीत वाळूत पाच किलोमीटर धावलात तर संध्याकाळी पोटऱ्या तुमच्याशी बोलणार नाहीत.

वाऱ्याचंही तसंच. पहाटे मतलई वारा, जमिनीकडून समुद्राकडे. खाडीत त्याचा त्रास नाही, पण मुखाजवळ ओहोटी आणि मतलई एकत्र आले की कयाक सरळ बाहेर. दहा-अकराला वारा फिरतो, समुद्रावरून जोरात येतो आणि मुखावरच्या वाळूच्या दांड्यावर लाट फुटायला लागते. देवबागचा संगम, म्हणजे कर्ली समुद्राला मिळते ती जागा, फोटोत छान दिसतो. मुलं घेऊन कयाकने तिकडे जायचं नाही, विषय संपला.

मान्य, हॉटेलवाल्यांचा सीझन मोजक्या महिन्यांचा. पावसाळ्यात जलक्रीडा बंद, पोट त्यांनाही आहे. पण म्हणून तक्ता बघू नये? तो काही विकत आणावा लागत नाही!

जागा म्हणाल तर माझं मत भोगवे-परुळे बाजूला. देवबागच्या अगदी समोर, नजरेच्या टप्प्यात, पण गाडीने नेरूरपारच्या पुलावरून लांबचा वळसा पडतो म्हणून गर्दी कमी. मोटारबोटींची वर्दळ देवबागकडे जास्त, आणि त्यांच्या लाटांना कयाक नेहमी नाक लावून घ्यायची, आडवी नाही. धावायला भोगव्याहून निवतीच्या किल्ल्याकडची टेकाडं आहेत, लाल मातीच्या गाडीवाटा आहेत. तारकर्लीला स्कूबा आहे, खरं आहे, एक दिवस जाऊन या. उत्तरेकडे आंजर्ल्यालाही खाडी, पुळण आणि डोंगर एकाच गावात मिळतात. चिपळूणकडे वाशिष्ठीत मात्र मगरी आहेत. त्या मोठ्या बोटीतून बघा, कयाकमधून नको.

वाटांबद्दल थोडं. मे महिन्यात चिखलाचे खोल दाते असलेले बूट निरुपयोगी. जांभ्याच्या सड्यावर (उघड्या खडकाळ माळावर) तीन-चार मिलिमीटरचे दाते पुरतात, तळवा मात्र जाड हवा, कारण जांभा खरवडतो. पाखाडीच्या पायऱ्यांवर आंब्या-काजूचा वाळलेला पाला साचतो, उतरताना त्यावरूनच घसरतात सगळे. गडग्यावर (रचलेल्या दगडांच्या कुंपणावर) न बघता बसू नका, दगडाखाली फुरसं, म्हणजे विषारी साप, असू शकतं. आंब्याच्या बागेत शिरू नका, हंगाम आहे, राखणदार आहेत, कुत्री आहेत. धावून सकाळी साडेसातच्या आत घरी. इथे आकडा ३३-३४ चाच दिसतो, पण हवा इतकी दमट की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. पुण्यात दहा किलोमीटर धावत असाल तर इथे सहा धरा. तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी, त्यात चमचाभर कोकमाचं आगळ. मीठ त्यात आधीपासूनच असतं.

हे लिहिताना राग थोडा उतरला होता, पण त्या पोरीचं लाईफ जॅकेट आठवलं आणि परत चढला. मोठ्या माणसाचं होतं. खांद्याला धरून वर उचललं की कानापर्यंत येणारं. पाण्यात पडली असती तर जॅकेट वर आणि पोर खाली. देणाऱ्याला बजावून सांगा: मुलाच्या मापाचं जॅकेट, दोन पायांमधून जाणारा पट्टा, प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, आणि निघण्याआधी कयाकच्या मागचं बूच घट्ट आहे का ते स्वतःच्या बोटाने बघायचं. पायात चपला नकोत, मागून बंद होणारं काहीतरी हवं. दगडांवर कालवं असतात, ब्लेडसारखी कापतात. आणि अडकलातच तर बसून राहा. कयाक तुमचं वजन पसरवते म्हणून बुडत नाही, तळवा बुडतो.

मावशींनी हे कुठे वाचलं नव्हतं. रेव कुठे कठीण आहे ते त्यांना पायाला माहीत होतं. त्या वळसा घालून आल्या, टोपली खाली ठेवली, कयाकची दोरी मागून घेतली आणि पोरीला आत बसलेलीच ठेवून गाळावरून सरसर ओढत कडेला आणलं. मग आई. मग बापाला वल्ह्यावर आडवं झोपवून. त्याने पाचशेची नोट पुढे केली तर म्हणाल्या, "माका नको. चेडवाक आंघूळ घाल आधी."

त्याची एक चप्पल अजून तिथेच आहे. उद्या सकाळी सव्वासातला परत ओहोटी आहे, मावशी तिसऱ्यांना येतीलच.