सीटी स्कॅनचं तीन दिवसांचं सुतक

माझी आत्या इंदूरला राजेंद्रनगरात राहते. मागच्या बुधवारी तिच्या छातीचा सीटी स्कॅन झाला. रिपोर्टमध्ये काळजीचं काही नाही, तरी शनिवारपर्यंत बाई मागच्या खोलीत एकटी बसून. ताट वेगळं, पेला वेगळा. दीड वर्षाचा नातू दाराशी येऊन हात पसरायचा आणि ही लांबूनच, ‘तिकडे खेळ रे सोन्या’. कारण काय, तर घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज, खाली ‘जनहित में आगे भेजें’. त्यात म्हटलंय की एक्स-रे किंवा सीटीनंतर रेडिएशन तीन दिवस अंगात राहतं, मुलांना जवळ घेऊ नका. एक सीटी म्हणजे 400 एक्स-रे, म्हणजे कॅन्सर ठरलेला. घरातलं रेडिएशन फोनच्या ॲपवर मोजा, आकडा 100 च्या वर गेला तर सावध. ‘कॅट’, म्हणजे इथलं सरकारी प्रगत तंत्रज्ञान केंद्र, त्याच्याजवळ राहणाऱ्यांना जास्त धोका. आणि उपाय: दाराला शेणाचा लेप.

पहिल्या मुद्द्यावरच माझं डोकं फिरलं. एक्स-रे हा उजेडाचाच भाऊबंद. दिवा मालवल्यावर भिंतींत उजेड साठून राहतो का? सीटीच्या यंत्रात एक्स-रेची नळी पेशंटभोवती फिरते, ती बंद झाली की किरण संपले. पेशींना व्हायची ती इजा तेव्हाच होते, पण त्यामुळे आत्या किरण सोडायला लागत नाही. म्हणजे सोडते, पण ते सीटीमुळे नव्हे. आपल्या सगळ्यांच्या अंगात पोटॅशियम असतं आणि त्यातला इवलासा भाग, पोटॅशियम-40, किरणोत्सारी असतो. 70 किलोच्या माणसात त्याचे 4,000 हून जास्त अणू दर सेकंदाला फुटतात. नातवाच्या अंगातही फुटतात, त्याच्या मापानं. मग कोणी कोणापासून लांब बसायचं?

ही अफवा कुठून निघाली असावी, तेही सांगतो. थायरॉइडच्या कॅन्सरला आयोडीन-131 देतात. ते औषधच किरणोत्सारी, अर्धायुष्य 8 दिवस, म्हणजे दर 8 दिवसांनी जोर निम्मा. त्या पेशंटना खरोखरच काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून दूर राहायला सांगतात. आत्याला स्कॅनच्या वेळी शिरेतून जे दिलं त्यातही आयोडीन होतं, पण साधं, चित्र स्पष्ट यावं म्हणून. नाव एक, म्हणून सुतकही एक!

हे सगळं मी तिला दाराबाहेरून समजावलं. ती म्हणाली, ‘तुझं खरं असेल रे, पण तीन दिवसांनी काय बिघडतं? लहान जीव आहे.’ तीन दिवसांनी काही बिघडत नाही, कबूल. पण पुढच्या वेळी डॉक्टरांनी स्कॅन सांगितला की ही ‘नको’ म्हणेल, तेव्हा बिघडेल.

400 च्या आकड्यात मात्र तथ्य आहे, नाइलाजानं मानतो. मे 2021 मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक रणदीप गुलेरिया यांनीच एक सीटी म्हणजे 300 ते 400 एक्स-रे असं सांगितलं होतं. पण ते कशासाठी? सौम्य कोविडमध्येही लोक उठसूट सीटी काढत होते म्हणून. रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेनं तेव्हाच हरकत घेतली, कारण कमी मात्रेचे स्कॅनही असतात. आकडा कशानं भागता यावर सगळं आहे: सीटीचे 7 मिलिसिव्हर्ट (अंगाला लागलेल्या किरणांच्या मात्रेचं माप) धरून एक्स-रेच्या 0.02 नं भागलं तर 350, 0.1 नं भागलं तर 70. आणि निसर्गाकडून जगात माणशी सरासरी वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच, कोणी न मागता.

‘कॅन्सर ठरलेला’ म्हणणाऱ्यांनी केरळातल्या करुनागप्पल्लीकडे बघावं. तिथल्या किनाऱ्याच्या वाळूत किरणोत्सारी थोरियम आहे, काही जागी घराबाहेरची मात्रा वर्षाला 70 मिलिग्रेपर्यंत जाते (मिलिग्रे इथे साधारण मिलिसिव्हर्टइतकंच धरा). जवळपास 70,000 रहिवाशांवर सरासरी साडेदहा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. 2009 साली निष्कर्ष छापून आले: या किरणांमुळे कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही. म्हणून रोज सीटी काढा असं नव्हे. लहान मुलांच्या बाबतीत तर विनाकारण स्कॅन नकोच.

ॲपची गंमत मी स्वतः करून पाहिली. ओट्यावर 46. फ्रिजवरच्या गणपतीच्या चुंबकाजवळ 300 च्या पुढे! ते ॲप फोनमधल्या होकायंत्राचा सेन्सर वाचतं, म्हणजे चुंबकत्व मोजतं. मेसेजमधल्या 100 ला तर एककच नाही. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन नुसतं ‘चार द्या’ म्हटलं तर तळलेला गराडू कंद विकणारासुद्धा विचारेल, चार काय? खरं मोजमाप हवं तर स्कॅन करणाऱ्या टेक्निशियनच्या छातीवरचा बॅज बघा. त्यात तीन छोट्या चकत्या असतात. त्या ठरावीक काळानं प्रयोगशाळेत तापवतात, जितका उजेड निघेल तितकी मात्रा. पाच वर्षांत 100 मिलिसिव्हर्टच्या वर जायचं नाही, असा नियम आहे.

‘कॅट’चं एका वाक्यात. तिथलं इंडस-2 हे यंत्र अणुभट्टी नाही, कणांना वेग देणारं यंत्र आहे; त्यात सुमारे 172 मीटर घेराच्या कड्यात, जाड भिंतींआड, इलेक्ट्रॉन फिरतात.

राहिलं शेण. एक्स-रे अडवायला सीटीच्या खोलीला शिसं लावतात, शेण नाही. आणि सफाईत पहिल्या नंबराची पाटी मिरवणाऱ्या या शहरात, राजेंद्रनगरात आत्यानं शेण आणायचं तरी कुठून?