मानेवर उलटा वस्तरा मारू नका

लग्नसराई जवळ आली की गावागावांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मानेवर दाढी केली की पुरळ उठतं, त्यावर त्यात पाच उपाय आहेत. कातडी ताणून खालून वर उलटा वस्तरा मारा. रोज करा, म्हणजे कातडी निबर होते. मग लिंबू चोळा. तुरटी फिरवली की जंतू मरतात, ब्लेड बदलायची गरज नाही. तरीही पुरळ आलंच तर मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणून लावा. आमच्या विदर्भातले पोट्टे हे वाचून तसंच करतात आणि नवरदेवाच्या अंगाला हळद लागते तेव्हा मान लाल फोडांनी भरलेली असते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

उलट्या वस्तऱ्याचं आधी, कारण खरा त्रास तिथूनच सुरू होतो. गालावरचे केस बहुतेकांचे वरून खाली वाढतात. मानेवर तसं नसतं. हनुवटीखाली ते आडवे जातात, कंठाच्या बाजूला तिरपे, आणि गळ्याच्या खालच्या भागात कित्येकांचे सरळ वर, जबड्याकडे. डावी बाजू उजवीसारखी असेलच असंही नाही. त्यामुळे ‘खालून वर’ हा एकच नियम सगळ्यांच्या मानेला लागू पडत नाही. दोन दिवसांचे खुंट वाढू द्या आणि बोट फिरवून पाहा. ज्या दिशेला बोट अडखळत नाही ती सुलट. मानेच्या प्रत्येक भागाची सुलट वेगळी शोधावी लागते, पण एकदा कळली की जन्माची कळली.

कातडी ताणून उलटं कापलं की केस कातडीच्या पातळीच्याही खाली तुटतो. ताण सोडला की त्याचं टोकदार टोक आत जातं. कुरळा केस असेल तर वाढताना तो वळतो आणि बाहेर येण्याऐवजी कातडीतच घुसतो. शरीर त्याच्याशी मोडलेल्या काट्यासारखं वागतं: सूज, लाली, कधी पू. आपल्याकडे याला सरसकट ‘उष्णता’ म्हणतात आणि ताक-सब्जा सुरू होतो. मे महिन्यातल्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत घामाने मान चुरचुरते हे खरंच आहे, पण या फोडांचं मूळ आत वळलेल्या केसात आहे.

म्हणून मानेवर सुलटा एकच हात पुरे, तोही हलका. दाढी आंघोळीनंतर करा, किंवा कोमट पाण्याचं ओलं फडकं दोन-तीन मिनिटं मानेवर ठेवा. भिजलेला केस कमी जोर लावून कापला जातो. बाजाराच्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात गर्दी असते, फवारा मारला की लगेच वस्तरा लागतो. तिथे दादांना सांगा, फेस थोडा वेळ राहू द्या, मानेवर उलटा हात नको. कंठमणी अवघड वाटतो. तिथे मान थोडी बाजूला वळवा, म्हणजे वरची कातडी कडेच्या सपाट भागावर सरकते आणि ओढाताण न करता वस्तरा चालतो. इतकं करून हाताला थोडे खुंट लागतील. लागू द्या. ज्यांना हा त्रास कायमचा आहे त्यांनी मानेपुरता ट्रिमरच वापरावा.

‘रोज केली की निबर होते’ याला आधार नाही. रोज करता की आठवड्याने, यापेक्षा कशी करता याला महत्त्व आहे. मात्र फोड उठलेले असताना त्यावरून वस्तरा फिरवू नका. तीन-चार आठवडे थांबा, आत वळलेले बरेचसे केस वाढून आपोआप बाहेर येतात.

एक गोष्ट त्या मेसेजमध्ये नाही, पण कपाशीच्या पट्ट्यात ती सांगितलीच पाहिजे. फवारणीला जायचं त्या सकाळी दाढी करू नका. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. त्याची कारणं अनेक होती. पण ओरखडलेल्या कातडीतून औषध जास्त शोषलं जातं, आणि पाठीवरच्या पंपाचं झाकण गळलं की ओल मान-पाठीला लागते. दाढी संध्याकाळी करा, फवारणी आटोपून, साबणाने आंघोळ झाल्यावर.

लिंबू तर बिलकुल नको. सोललेल्या कातडीला ते झोंबतंच, शिवाय लिंबाचा रस लागलेल्या जागी ऊन पडलं की फोड येऊ शकतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. शेतात राबणाऱ्याची मान उन्हातच असते. गार पाणी आणि वास नसलेलं साधं क्रीम पुरतं. गळ्यातला दुपट्टाही धुतलेला घ्या.

तुरटीने कातडी आवळते, बारीक रक्त थांबतं. इतकंच तिचं काम. कावीळ ‘ब’चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जगू शकतो, तो तुरटीने मरत नाही, आणि एकच खडा दहा मानांवर फिरत असेल तर खडाच शंकेचा. वस्तऱ्यात नवं अर्धं ब्लेड आपल्यासमोर घालायला सांगा. त्यात दुकानदाराचा अपमान नाही. ब्लेडचे दोन रुपये जास्त द्यायची तयारी मात्र आपली हवी.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ट्यूबची. खाजेच्या अशा कित्येक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत लाली बसते, म्हणून माणूस लावत राहतो, आणि कातडी पातळ होत जाते. दाढीत गजकर्ण असेल तर ते वरून दबतं आणि आतून पसरतं. दाढीतलं गजकर्ण गाई-वासरांकडूनही येतं. गोठ्यात जनावराच्या अंगावर केस गळून गोल पांढरट चट्टे दिसत असतील आणि तुमच्या मानेवर कडा उठलेला, खाजणारा चट्टा असेल, केस ओढला की सहज हाती येत असेल, तर ते वस्तऱ्याचं पुरळ नव्हे. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचारोग विभागात पाठवतील. जाताना आधी लावलेली ट्यूब सोबत न्या आणि जनावरांच्या चट्ट्यांचंही डॉक्टरांना सांगा.