नवी आवृत्ती आली म्हणून सगळे अपडेट सहा महिने बंद ठेवू नका

विंडोज किंवा मॅकओएसची नवी आवृत्ती आली की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. त्यात चार दावे असतात. सहा महिने सगळे अपडेट बंद ठेवा. कंपन्या अपडेटमधून मशीन मुद्दाम मंद करतात. अँटीव्हायरस असेल तर अपडेटची गरज नाही. आणि एकदा बिघडलं की फॉरमॅटशिवाय इलाज नाही. पहिला दावा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो आणि सगळ्यात जास्त नुकसानही तोच करतो.

‘सहा महिने सगळे अपडेट बंद.’ अपडेट दोन प्रकारचे असतात आणि या मेसेजने त्यांची सरमिसळ केली आहे. एक म्हणजे साधारण वर्षातून एकदा येणारी नवी आवृत्ती, जशी विंडोज ११ ची २४एच२. दुसरे म्हणजे सुरक्षा अपडेट, जे विंडोजसाठी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात.

नव्या आवृत्तीसाठी काही आठवडे थांबणं रास्तच आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती आली आणि चार दिवसांत मायक्रोसॉफ्टला ती थांबवावी लागली. ज्यांनी डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवले होते पण काही फायली जुन्याच जागी राहिल्या होत्या, त्यांचे ते जुने फोल्डर अपडेट आतल्या फायलींसकट उडवत होतं. दुरुस्त केलेली आवृत्ती १३ नोव्हेंबरला आली. २०२४ मध्ये २४एच२ आल्यावर वेस्टर्न डिजिटलच्या काही एसएसडी (माहिती साठवणाऱ्या चिपच्या डिस्क) असलेल्या मशीनवर निळी स्क्रीन यायला लागली. या एसएसडी कॉम्प्युटरच्या रॅममधली थोडी जागा वापरतात. आधी त्यांना ६४ एमबी मिळत होती, नव्या आवृत्तीत २०० एमबी मिळाली आणि त्यांच्या फर्मवेअरला, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरला, ते झेपलं नाही. एसएसडीचं फर्मवेअर अपडेट केल्यावर प्रश्न सुटला.

अशी अडचण लक्षात आली की मायक्रोसॉफ्ट त्या मॉडेलच्या मशीनसाठी नवी आवृत्ती रोखून धरते. तुमच्याकडे ती अजून दिसत नसेल तर आयएसओ (इन्स्टॉलेशनची पूर्ण फाइल) उतरवून किंवा इन्स्टॉलेशन असिस्टंट चालवून जबरदस्तीने चढवू नका. महिन्याच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास ‘प्रीव्ह्यू’ नावाचे ऐच्छिक अपडेट येतात, तेही खुशाल सोडून द्या. त्यासाठी सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडून ‘गेट द लेटेस्ट अपडेट्स ॲज सून ॲज दे आर अव्हेलेबल’ हे बटण बंद ठेवा.

सुरक्षा अपडेटचं गणित मात्र उलटं आहे. वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस ज्या त्रुटीतून घुसला तिची दुरुस्ती १४ मार्च २०१७ ला आली होती आणि हल्ला झाला १२ मे रोजी. मध्ये दोन महिनेसुद्धा नव्हते. सहा महिन्यांचा नियम पाळणाऱ्याकडे ती दुरुस्ती तोवर पोहोचलीच नसती. शिवाय दुरुस्ती जाहीर झाली की हल्लेखोर जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून नेमका बदल कुठे झाला ते शोधतात, म्हणजे अपडेट न घेतलेल्या मशीनचा धोका त्या दिवसापासून वाढत जातो. फार तर ‘पॉज अपडेट्स’ वापरून एक आठवडा थांबा. विंडोजचे मासिक अपडेट साठून येतात, त्यामुळे एक महिना टाळला तरी पुढच्या महिन्यात तेच बदल पदरात पडतात. मॅकवरही नवी आवृत्ती न घेता जुन्या आवृत्तीचे सुरक्षा अपडेट वेगळे घेता येतात.

‘अपडेटने मशीन मुद्दाम मंद करतात.’ बॅटरी झिजलेल्या जुन्या आयफोनचा वेग कमी केला जातो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं, तेव्हापासून हा समज घट्ट झाला. पण नवी आवृत्ती चढवल्यावर कॉम्प्युटर मंद वाटण्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. शोधासाठी लागणारा इंडेक्स नव्याने बांधला जात असतो, मॅकवर त्यात फोटोंची छाननीही चालते. टास्क मॅनेजर किंवा ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडा, डिस्क आणि प्रोसेसर कोण खातंय ते दिसेल. चार्जर लावून मशीन एक-दोन दिवस चालू राहू द्या. जानेवारी २०१८ मधल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटींच्या दुरुस्त्यांनी मात्र काही कामांचा वेग खरोखर घटला, विशेषतः जुन्या प्रोसेसरवर. प्रोसेसरच्या रचनेतलीच त्रुटी झाकायची होती, तिची ती किंमत होती.

‘अँटीव्हायरस आहे, मग अपडेट कशाला?’ अँटीव्हायरस सिस्टिममधली त्रुटी बुजवत नाही. १९ जुलै २०२४ ला सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली, त्याचा दाखला हे मेसेज आवर्जून देतात. पण ती विंडोज अपडेटने पडलीच नव्हती. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल त्याला कारण होती. विंडोज अपडेटची सर्व्हिसच डिसेबल करण्याचा उपाय तर आणखी वाईट, कारण डिफेंडर या विंडोजच्या अँटीव्हायरसला नव्या व्हायरसची माहिती एरवी त्याच वाटेने मिळते.

‘बिघडलं की फॉरमॅट.’ फॉरमॅटच्या आधी बऱ्याच वाटा आहेत. विंडोजची नवी आवृत्ती नको असेल तर १० दिवसांच्या आत सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, ‘गो बॅक’. यासाठी लागणारं ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर जागा करायच्या नादात आधीच उडवू नका. तुमच्या फायली राहतात, पण अपडेटनंतर टाकलेले प्रोग्रॅम जातात. मासिक अपडेटने घोळ केला तर अपडेट हिस्टरीत ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ आहे.

मशीन चालूच होत नसेल तर लोगो दिसताच पॉवरचं बटण दाबून धरा आणि बंद करा. दोन-तीनदा असं केलं की रिकव्हरीची स्क्रीन येते. तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स या क्रमाने जा आणि आधी ‘क्वालिटी अपडेट’, म्हणजे मासिक अपडेट, काढून पाहा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर इथे ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. जुलै २०२४ च्या सुरक्षा अपडेटनंतर काही मशीन चालू होतानाच ती मागू लागल्या होत्या. ही की सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जमा असते. अपडेट घेण्याआधी ती आहे का ते तपासा आणि कागदावर लिहून ठेवा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवलेली की ऐन वेळी उघडता येणार नाही.