अकरा पदार्थ आणि तरीही भूक: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार.

टेस्टिंग मेन्यूवरच्या (म्हणजे शेफने ठरवलेले लहान लहान पदार्थ एकामागून एक येणाऱ्या जेवणावरच्या) लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया मोठी आणि मुद्देसूद आहे. तिला दोन ओळींत उत्तर देणं योग्य नव्हतं, म्हणून हे वेगळं लिहितो आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगतो. सिंगापूरमध्ये माणशी ३०० डॉलरचं आशियाई-युरोपीय जेवण. अकरा पदार्थ, बहुतेक एका-दोन घासांचे, तीन तास चाललेले, आणि सातव्या पदार्थालाही पोटात कावळे ओरडत होते, तरी पुढचं नकोसं वाटत होतं. बिल छापील किमतीपेक्षा बरंच जास्त आलं. सोबतच्या शाकाहारी सासूबाईंना तीनदा बीट खावं लागलं. ‘लोण्यात सोया सॉस ओतला की झालं फ्यूजन’ हा तुमचा शेरा, आणि थोडं थोडं वाढणं हे पाश्चात्त्यांचं फॅड आहे, आशियाई जेवण म्हणजे सगळं एकदम पुढ्यात, हा निष्कर्ष.

यातलं जवळजवळ निम्मं मला मान्य आहे. पण ज्या कारणासाठी तुम्ही त्या स्वयंपाकघराला नावं ठेवलीत, ते कारण मला चुकीचं वाटतं.

आधी भूक. तुम्ही पदार्थांची यादी दिलीत हे फार बरं केलंत, त्यामुळे अंदाज बांधता येतो. सुरुवातीचे चार छोटे घास प्रत्येकी १२ ते १५ ग्रॅम, कच्चा मासा ३५-४०, अंड्याचं वाफवलेलं कस्टर्ड ८०-९०, शिजवलेला मासा आणि मांस प्रत्येकी ५०-६० आणि त्यांच्या सोबतचं, मग भात, मग दोन गोड पदार्थ. अशा मेन्यूचं एकूण वजन साधारण ५०० ते ६०० ग्रॅम भरतं. घरी तीन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण आणि भात खाऊन उठणारा माणूसही याच्याच आसपास खातो. म्हणजे अन्न कमी नव्हतं. अडचण अशी की पहिल्या आठ पदार्थांत भाताचं शीत नव्हतं की पावाचा तुकडा नव्हता.

फ्रेंच पद्धतीत पाव-लोणी सुरुवातीलाच येतं. जपानी रेस्टॉरंटमधल्या काइसेकीत, म्हणजे क्रमाने वाढल्या जाणाऱ्या तिथल्या पारंपरिक जेवणात, भात, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप आणि लोणची शेवटाकडे, गोडाच्या आधी येतात. तुमच्या स्वयंपाकघराने सांगाडा जपानी घेतला, फ्रेंच पाव काढून टाकला आणि मातीच्या भांड्यातला भात नववा ठेवला. आता आपली पंगत आठवा. पहिला वरणभात-तूप, मध्ये मसालेभात, शेवटी ताकभात. आपलं जेवण भाताने उघडतं आणि भातानेच मिटतं. ज्याच्या पोटाला पहिल्या पाच मिनिटांत वरणभाताची सवय आहे, त्याला दोन तास नुसती तोंडी लावणी मिळाली तर तो अस्वस्थ होणारच. मेन्यू ठरवणाऱ्याने याचा विचार करायला हवा होता, विशेषतः जिथे रोज भारतीय पाहुणे येतात तिथे.

यावर उपाय सोपे आहेत. जागा राखून ठेवतानाच विचारा: पाव आहे का, भात कितव्या क्रमांकाला आहे, आणि तो पुन्हा वाढून मिळतो का. भांड्यात शिजवलेला भात टेबलावर आणून दाखवतात तेव्हा त्यात बहुधा पहिल्या वाढपापेक्षा जास्त भात असतो. मागितला तर मिळतो, संकोच करू नका. आणि संध्याकाळी साडेसातचं जेवण असेल तर चारच्या सुमाराला काहीतरी हलकं खा. दुपारपासून उपाशी राहून गेलात तर पहिले चार घास चव न घेताच संपतात, आणि त्या चार घासांतच सर्वांत जास्त हातकाम असतं.

आता ‘पाश्चात्त्यांचं फॅड’. हे मात्र उलट आहे. थोडं थोडं, ऋतूप्रमाणे, क्रमाने वाढण्याची रीत जपानमध्ये सोळाव्या शतकातल्या चहा-समारंभाच्या जेवणापासून घडत आली. ओसाकामध्ये १९६० साली शिझुओ त्सुजी यांनी पाकशाळा काढली. तिथे शिकवायला आणि पाहायला पॉल बोक्यूझसारखे फ्रेंच शेफ जाऊ लागले. मोठ्या थाळांतून वाढण्याऐवजी स्वयंपाकघरातच प्रत्येकाची प्लेट मांडून देण्याचा, आणि भाग लहान करून संख्या वाढवण्याचा फ्रेंच शेफचा कल याच काळात बळावला. आज आपण ज्याला टेस्टिंग मेन्यू म्हणतो तो साचाच मुळात दोन परंपरांच्या संगतीतून आलेला आहे.

मराठी ताटाशी त्याचा खरा फरक वेगळ्याच ठिकाणी आहे. आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं यांच्या जागा ठरलेल्या असतात आणि प्रत्येक घासाची चव जेवणारा स्वतः जुळवतो. एखादी भाजी सपक झाली तर बोटभर लोणचं तिला सांभाळून घेतं. टेस्टिंग मेन्यूत हा अधिकार शेफने स्वतःकडे घेतलेला असतो. टेबलावर मीठसुद्धा नसतं. मग एका घासात मीठ, आंबट, स्निग्ध, कुरकुरीत हे सगळं नेमकं बसलेलं असलंच पाहिजे. चुकलं तर सावरायला काही नाही.

आणि आता तुमचा लोण्या-सोयाचा शेरा, ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. मिश्र पदार्थ पारखायची एकच कसोटी मी मानतो: दुसऱ्या परंपरेतून आणलेली वस्तू काढून टाका. पदार्थ कोसळला तर ती वस्तू काम करत होती. काहीच बिघडलं नाही तर ती नुसती सजावट होती.

शेफ तेत्सुया वाकुदा यांचा ट्राउट मासा घ्या. हे जपानमधल्या हामामात्सूचे, १९८२ साली सिडनीला आले, १९८९ मध्ये तिथे स्वतःचं रेस्टॉरंट काढलं. ते २०२४ मध्ये बंद झालं. सिंगापूरमधलं वाकू गिन त्यांचंच, २०१० पासूनचं. सिडनीतला त्यांचा टास्मानियन ओशन ट्राउटचा पदार्थ जगभर ओळखला गेला. कृती वाचायला साधी आहे. कातडी काढलेल्या माशाचे ७०-८० ग्रॅमचे तुकडे ग्रेपसीड आणि ऑलिव्ह तेलात धणे, मिरी, थाइम, बेझिल आणि किंचित लसूण घालून काही तास मुरवतात. मग ट्रेमध्ये चिरलेल्या भाज्यांचा थर पसरून, त्यावर ठेवून, अगदी मंद ओव्हनमध्ये दार उघडं ठेवून शिजवतात आणि मधूनमधून वरून तेल लावतात. भाज्यांचा थर अशासाठी की गरम पत्र्याने खालची बाजू आधी शिजू नये. माशाचा नारिंगी रंग बदलता कामा नये. माशाच्या स्नायूतलं मायोसिन हे प्रथिन ४० ते ५० अंशांच्या दरम्यान थिजतं आणि मांस रेशमी होतं. त्याच्या बरंच पुढे गेलं की पांढरे चिकट थेंब बाहेर येतात आणि मासा कोरडा पडतो. शेवटी वरून बारीक चिरलेली चाइव्ह्ज आणि कोंबू म्हणजे खाद्य समुद्रशैवाल.

आता कसोटी लावा. कोंबू काढून साधं मीठ घाला. तेलात मुरलेला, मऊ, जेमतेम कोमट मासा जिभेला जड आणि एकसुरी लागेल. कोंबूत ग्लुटामेट, म्हणजे चवीला खोली देणारं द्रव्य, भरपूर असतं. ते १९०८ साली किकुनाए इकेदांनी कोंबूतूनच वेगळं केलं. माशात इनोसिनेट हे तशाच कामाचं दुसरं द्रव्य असतं. हे दोन एकत्र आले की चव नुसती बेरजेने वाढत नाही, कित्येक पटींनी उठते. म्हणजे पोत फ्रेंच तेलाचा आणि चव जपानी शैवालाची, एकावाचून दुसरं अडतं. (घरी करणार असाल तर एक गोष्ट विसरू नका: इतक्या कमी तापमानाला परजीवी मरत नाहीत. मासा उणे २० अंशांवर सलग ७ दिवस गोठवलेला हवा, आणि घरच्या फ्रिजचा फ्रीझर तितका गार राहीलच असं नाही. गर्भवतींनी हा प्रकार टाळावा.)

दुसरं टोक म्हणजे वसाबी (झणझणीत जपानी कंद) घातलेला कुस्करलेला बटाटा. वसाबीचा झणका उडून जाणारा असतो. किसल्यावर तयार होतो आणि पाव तासात ओसरू लागतो. गरम बटाट्यात आणि क्रीममध्ये तो उरतच नाही, उरतो तो फक्त हिरवा रंग. शिवाय बहुतेक ठिकाणी ती वसाबी नसतेच, रंग दिलेलं हॉर्सरॅडिश हे स्वस्त तिखट मूळ असतं. डिमसमवर शिंपडलेलं ट्रफल तेलही याच जातीचं. त्यातला वास बहुधा प्रयोगशाळेतला असतो. अशा पदार्थांबद्दल तुम्ही जितकं कठोर लिहाल तितकं मला कमीच वाटेल.

लोणी-सोया मात्र या दुसऱ्या रांगेत बसत नाही, नीट केलं असेल तर. फ्रेंच ‘बर ब्लाँ’ म्हणजे बारीक चिरलेले शॅलट (छोटे कांदे), ५० मिली पांढरी वाइन आणि ५० मिली व्हिनेगर आटवून दोन मोठे चमचे उरवायचं, मग १०० ग्रॅम गार, बिनमिठाचं लोणी तुकड्या-तुकड्याने फेटत घालायचं. यात सोया सॉस फक्त ५ ते ७ मिली, आणि तोही आच बंद केल्यावर. सोया सॉसमध्ये मीठ १६-१७ टक्क्यांच्या घरात असतं. वाइनबरोबर आधीच घालून आटवला तर मीठ आणि कडवटपणा दोन्ही दाटतात. खारवलेलं लोणी वापरलं तर सॉस खाण्याजोगा राहत नाही. उकळी फुटली की लोणी फुटून तेल वर येतं. प्रमाण सांभाळलं तर आंबट-स्निग्ध सॉसला जो खोलपणा एरवी तासन्‌तास उकळलेल्या हाडांच्या अर्काने यायचा, तो चमचाभर सोयाने येतो. तुमच्या वर्णनात ‘तळाशी तुपासारखा तवंग आणि खारट’ असं आहे. म्हणजे सॉस फुटलेला होता. तिथे जोडी चुकली नव्हती, हात चुकला होता, आणि एवढे पैसे घेऊन असा सॉस टेबलावर येणं अक्षम्य आहे. प्लेट परत पाठवायची होती. अशा ठिकाणी ते उद्धटपणाचं मानत नाहीत.

यादीत मला दिसलेली याहून मोठी चूक तुम्ही लिहिलेली नाही. पाचवा ते नववा पदार्थ ओळीने मिसो, परमेझान चीज, वाळवलेले शिताके (जपानी अळंबी), सोया-लोणी आणि मुरवलेलं हॅम. पाचही ग्लुटामेटने ओसंडणारे. जीभ तिसऱ्यालाच थकते आणि पुढचं सगळं नुसतं खारट लागतं. सातव्या पदार्थाला तुम्हाला वाटलेल्या नकोसेपणात भुकेइतकाच याचा वाटा असावा. मध्ये युझूचं (जपानी लिंबाचं) किंवा साध्या व्हिनेगरचं काहीतरी आंबट, गार, बिनतेलाचं हवं होतं. आपण मसालेभातानंतर मठ्ठा देतो तो उगाच नाही.

बिलाचं थोडक्यात. सिंगापूरमध्ये किमतीपुढे दोन अधिकचिन्हं असतील तर आधी १० टक्के सेवा शुल्क आणि मग त्या एकूण रकमेवर ९ टक्के जीएसटी लागतो. ३०० चे ३५९ डॉलर ७० सेंट होतात. पाणीही विचारून घ्या. ‘स्टिल की स्पार्कलिंग’ याचं उत्तर दिलंत की बाटली येते, नळाचं हवं असेल तर तसं स्पष्ट सांगावं लागतं.

राहिल्या सासूबाई, आणि इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. तीनदा बीट म्हणजे स्वयंपाकघराने मेन्यूतून मासा उचलला आणि त्या खड्ड्यात लाल रंगाचं जे हाताशी होतं ते बसवलं. वाईट याचं वाटतं की आशियाकडेच याची उत्तरं तयार आहेत. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम कोंबू आणि २०-२५ ग्रॅम वाळवलेले शिताके घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे. सकाळी कोंबू काढून पाणी सावकाश ६०-७० अंशांपर्यंत नेऊन थोडा वेळ तिथेच धरायचं, म्हणजे शिताकेतलं ग्वानिलेट (इनोसिनेटसारखंच चव उठवणारं द्रव्य) तयार होतं, आणि मग गाळायचं. कोंबू उकळला तर बुळबुळीत आणि कडवट होतो. माशाच्या दाशीची (जपानी स्वयंपाकातल्या मूळ अर्काची) जागा हा अर्क समर्थपणे घेतो. जपानी मंदिरांतला शाकाहारी स्वयंपाक यावरच उभा आहे. एवढं करायला कौशल्याची नाही, एका रात्रीच्या पूर्वतयारीची गरज असते. म्हणूनच निदान तीन दिवस आधी कळवायचं.

आणि कळवताना नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहू नका. त्या एका शब्दानंतरही दाशीतला मासा, किमचीतली कोळंबी, ऑयस्टर सॉस, फिश सॉस, वूस्टरशर सॉसमधले अँकोव्ही, जेलीतलं जिलेटीन आणि वासराच्या जठरातल्या रेनेटवर (दूध थिजवणाऱ्या द्रव्यावर) बनणारं परमेझान हे सगळं ताटात येऊ शकतं. असं लिहा: ‘मांस, मासे, शिंपले, त्यांचे सॉस आणि अर्क चालत नाहीत. दाशी कोंबू-शिताकेची हवी. जिलेटीनऐवजी आगर. दूध-लोणी चालतं. अंडं चालतं किंवा चालत नाही. एकच भाजी दोनदा नको.’ कांदा-लसूण वर्ज्य असेल तर शॅलट, चाइव्ह्ज आणि लीक यांचीही नावं घाला, कारण तिथे त्यांना कांद्यात धरत नाहीत. उत्तरात त्यांनी प्रत्येक ओळीला हो किंवा नाही म्हटलं तरच पैसे भरा.