दस्तगीरचा लायटर आणि आण्णांचा डबा

परवा रात्री तालमीच्या कट्ट्यावर मंडईतला विषय निघाला. मेथी विकणाऱ्या एका मावशीला प्लास्टिकची पिशवी दिली म्हणून पथकानं पाच हजारांचा दंड केला होता. व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेला, त्यामुळं काय झालं हे कुणी कुणाला सांगत बसलं नाही. सुध्यानं बसता बसता निकालच दिला.

"बरोबर केलं पथकानं. पाच हजार म्हंजे पाच हजार. कायदा हाय."

सुध्या आमच्यातला पर्यावरणवाला. पुण्यात चार वर्षं नोकरी करून आल्यापासनं उसाचा रससुद्धा स्टीलच्या नळीनं पितो. नळीला कव्हर आहे, नळी धुवायला वेगळा ब्रश आहे. महिन्यातनं एकदा हातमोजे घालून रंकाळ्यावर दोन बाटल्या उचलतो आणि स्टेटसला आठ फोटो टाकतो. (मी मोजलेत.)

"मेथीच्या जुड्या इकून पाच हजार सुटाय त्या मावशीला दिवाळी उजाडंल," दस्तगीर म्हणाला. "आणि पिशवी मागितली कुणी? तूच की. हात हलवत मंडईत जायाचं आणि 'मावशी, पिशवी द्या की' म्हणायचं. दंड मात्र मावशीला."

दस्तगीरचं भंगारचं दुकान, वडिलांपासनं चालत आलेलं. प्लास्टिकवर त्याचं पोट आहे. बाकी आमची सगळ्यांची मतं फुकटची.

"पिशवीची जाडी १२० मायक्रॉनच्या वर असली की चालतंय, तेवढी ठेवायची की तिनं," सुध्या.

"म्हंजे तराजूशेजारी मायक्रॉन मोजायचं यंत्रबी ठेवायचं व्हय? आणि ते १२० दिल्लीचं, मर्दा. आपल्या राज्यात २०१८ पासनं कॅरीबॅग जाड असू दे न्हाईतर पातळ, बंदच हाय. स्टेटस टाकायच्या आधी वाचत जा."

आण्णा खुदकन हसले. आण्णांची खानावळ, त्यामुळं या विषयात ते जपून हसतात.

मग दस्तगीर सुटला. पाण्याची मोकळी बाटली रस्त्यावर रात्रभर टिकत नाही, कारण तिला भाव आहे, कुणीतरी वेचून नेतंच. दुधाच्या पिशवीलाही भाव आहे, धुऊन वाळवून दिली तर. "पण तुम्ही सगळी तिचा कोपरा कातरीनं कापून टाकताय. टिकलीएवढा तुकडा, तो कोण वेचणार? थोडा चिकटलेला ठेवाय काय होतंय?" पातळ कॅरीबॅगचं मात्र कुणालाच काही नाही. दिवसभर वाकून वेचली तरी किलो भरत नाही, म्हणून ती पडते तिथंच राहते. मग जयंती नाल्यात, तिथनं पंचगंगेत.

हे मात्र आम्ही सगळ्यांनी बघितलंय. २०१९ चा पूर ओसरल्यावर नदीकडच्या झाडांना, माणसाच्या डोक्यावर दोन हात, धुणं वाळत घातल्यासारख्या पिशव्या लटकत होत्या. पाणी कुठवर आलं होतं ते सांगायला वेगळी खूण नको.

"आणि चिप्सच्या पाकिटाचं काय?" दस्तगीर थांबायला तयार नव्हता. "आत चांदीगत चमकतंय बघ. प्लास्टिक आणि अल्युमिनियम एकमेकाला असं चिकटवलंय की सुटं होत न्हाई. मी घेत न्हाई, पुढचाबी घेत न्हाई. त्या कंपनीच्या दारात कवा पथक गेलेलं बघितलास?"

सुध्याला यावर उत्तर नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःची पिशवी वर धरली. हिरवी, झाडाचं चित्र छापलेली. "मी तर कापडीच वापरतो."

"आण हिकडं."

दस्तगीरनं लायटर काढला आणि पिशवीच्या बंदाचा कोपरा पेटवला. कापड जळलं तर राख होते. हिचा कोपरा आकसला, आत वळला, आणि काळा थेंब टपकन कट्ट्यावर पडून गोटीसारखा घट्ट झाला. वास तोच, बादलीची कडी जळाल्यावर येतो तो.

"पॉलिप्रॉपिलीन, म्हंजे प्लास्टिकच," दस्तगीर म्हणाला. "कापडाचं सोंग हाय नुसतं. आईच्या जुन्या लुगड्याची पिशवी शिवून घे, पंधरा वर्षं बघाय नगं."

"दोनशे रुपयांची होती लगा!" सुध्या थेंबाकडं बघत राहिला.

एवढ्यात हसण्याच्या भरात आण्णांनी नको तिथं तोंड घातलं. "ह्यो कसला पर्यावरणवाला! दर रविवारी तांबडा एका पिशवीत, पांढरा दुसऱ्या पिशवीत, वर रबर लावून नेतोय."

"तुम्ही देताय म्हणून नेतोय!"

"डबा आणा, पाच रुपये कमी, अशी पाटी लावलीती मी. महिन्यात तीन माणसं आली डबा घेऊन. त्यातला एक तर पातेलंच घेऊन आलता, आणि म्हणतोय काठोकाठ भरा. आणि तुला तर डबा दिलता की रं, पुराच्या साली! तीन ताळी, स्टीलचा. आला का परत?"

झालं. कॅरीबॅग बाजूला राहिली. सुध्या म्हणतो दिला, आण्णा म्हणतात नाही. सुध्याच्या लग्नात आण्णांना मानाचा फेटा बांधला नव्हता, तेही निघालं. दस्तगीर मजेत शेंगा सोलत होता. शेवटी आण्णा म्हणाले, "बायकोनं नाव घातलंय डब्यावर, खोटं बोलू नगंस," आणि सुध्या तावातावानं गाडीला किक मारून गेला.

दहा मिनिटांत आला. डब्यासकट! म्हणजे होता घरातच. बायको त्यात शेंगदाण्याचं कूट ठेवत होती म्हणे.

आण्णांनी विजयी मुद्रेनं झाकण पुसलं, मोबाईलची बॅटरी मारली, चष्मा नव्हता म्हणून डबा माझ्याकडं दिला. "वाच मोठ्यानं."

मी वाचलं. मग परत एकदा मनात वाचलं. झाकणावर माझ्या आईचं नाव होतं.

हा डबा हरवला म्हणून आई गेली कित्येक वर्षं मला बोल लावत आलीय. आण्णांनी आमच्या घरनं तो नेमका कधी नेला, हे त्यांनाही आठवेना. त्यांचा चेहरा मंडईतल्या मावशीसारखा झाला होता.

"पथक बोलवू का?" दस्तगीर म्हणाला.

आण्णांनी डबा माझ्या हातातनं हळूच काढून घेतला. "असू दे की लगा. रविवारी तांबडा भरून धाडतो ह्यातनं."