मऊ वायर आहे काय ओ?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपात एक मशीन आहे. त्याचा हात दिवसभर इकडून तिकडे सरकतो, हाताच्या टोकाला कॅमेरा, आणि कॅमेऱ्याची नेटवर्क केबल ड्रॅग चेनमधून, म्हणजे केबल धरून हाताबरोबर वाकणाऱ्या पोकळ साखळीतून, त्याच्यामागं वाकत-उलगडत फिरते. साधी केबल तिथं टिकत नाही. तिच्या आठही तारा एकेरी, भरीव तांब्याच्या. भिंतीतून नेली तर वर्षानुवर्षं कुरकुरणार नाही, पण सारखी वाकवली की तांबं कडक होतं आणि आतल्या आत तुटतं. वरचं कव्हर ठणठणीत. मशीन मध्येच थांबतं, आपोआप चालू होतं, पुन्हा थांबतं, आणि मालक मशीनकडे न बघता माझ्याकडे बघतात.

हवी होती बारीक तारांच्या झुबक्याची, पॉलियुरेथेन कव्हरची, तेल आणि कूलंट सोसणारी केबल. ऑनलाइन मला दिसली ती, पण एकदम शंभर मीटरचं भेंडोळं घ्यावं लागत होतं. म्हणून बाजार.

खडेबाजारातला मराठी दुकानदार म्हणाला, "पुण्याला मिळेल." शेजारचा कानडी म्हणाला, "हुब्बळ्याग सिगतैत्री," म्हणजे हुबळीत मिळेल. १९५६ पासून दोन राज्यं या गावासाठी भांडतायत, पण 'इथं मिळत नाही' यावर दोघांचं एकमत! या जिल्ह्यात फाउंड्र्या आहेत, हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनतात, आणि एक वाकणारी वायर मागितली की माणसाला एसटीत बसवतात.

शेवटी एकानं तीन मीटरची पॅच कॉर्ड काढली, दोन्ही टोकांना प्लग बसवलेली तयार केबल. "एकदम मऊ. प्युअर कॉपर." मी हात पुढं केला, तर ती मधल्यामध्ये एका मामांनी घेतली. मामा वडगावचे, जन्म विणकामाच्या मागावर गेलेला, आले होते बल्बच्या होल्डरला. मला ते ओळखत नव्हते. त्याची त्यांना अडचण वाटली नाही.

"पीळ बघूया की," म्हणाले आणि काउंटरवरचं ब्लेड उचलून त्यांनी कॉर्डचं टोक प्लगसकट उडवलं.

मी ओरडलो. दुकानदार मात्र कौतुकानं बघत होता. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, कव्हर सोललं आणि चारही जोड्या काउंटरवर पसरल्या.

"ह्या जोडीचा पीळ घट्ट, ह्या जोडीचा सैल. फसवलंय तुला."

"मामा, तो मुद्दाम वेगळा ठेवतात. एका जोडीतला सिग्नल दुसऱ्या जोडीत जाऊ नये म्हणून."

"म्हणजे एकमेकांचं ऐकू येऊ नये?"

"होय."

मामा विचारात पडले. "आम्ही चार भाऊ एका वाड्यात राहतो. हे आधी कोण सांगितलं नाही बघ."

मग थोरल्या भावाची गोष्ट झाली. गोष्टीत विहीर होती, कोर्ट होतं, एक म्हैसही होती. बोलता बोलता मामा कॉर्ड सोलत चालले होते, सवयीनं, भुईमुगाच्या शेंगा सोलाव्यात तशी. मागं दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली. तीही म्हशीचं काय झालं ते ऐकायला थांबली.

एका तारेतले सात तंतू मामांनी मोजून वेगळे केले, एक नखावर धरून ब्लेडनं खरवडला. आत पांढरं.

"जरतार खोटी आहे."

तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. ड्रॅग चेनमध्ये हे तांब्याच्याही आधी तुटलं असतं. मामांचं बरोबर होतं, आणि माझा राग त्यामुळंच जास्त. मी काही एवढा अडाणी नाही. टोकाशी एवढंसं खरवडून मीही बघितलं असतं. त्यासाठी अख्खी कॉर्ड सोलावी लागत नाही, आणि प्लग तर मुळीच उडवावा लागत नाही. पण आपल्याकडं जाणकार माणूस जाणकार ठरेपर्यंत थांबत नाही.

"प्युअर कॉपर म्हणाला होता," मी दुकानदाराला म्हटलं.

"बॉक्सवर तसंच आहे ओ. मी काय आत जाऊन बघतोय?"

"मग ठेवा परत."

त्यानं काउंटरवरच्या रंगीत चिपाडांकडे बघितलं. "आता ही कोण घेणार?"

"मी सोलली काय?"

"तुमच्यासाठीच सोलली की मामांनी. फसला असता नव्हं."

मागची दोन्ही गिऱ्हाइकं माना डोलवायला लागली. चार माणसांत म्हाताऱ्याशी वाद घालून मी वाईट कशाला दिसू? पैसे दिले. त्यानं ती चिपाडं नीट गोळा करून पिशवीत घालून माझ्या हातात दिली, वर म्हणाला, "तसली पाहिजे तर कोल्हापूरला बघा."

मामांना होल्डरवर पाच रुपये सूट मिळाली.